दिवसाला किती टाक्या

नागपूरच्या माणसानं फोनवर विचारलं,
दिवसाला किती टाक्या भरता?
मी पवनीच्या बसथांब्यावर उभा,
बारा लिटरची रिकामी टाकी पोत्यात गुंडाळून पायाशी.
शेजारच्या बाईला वाटलं, सिलिंडर संपला असेल.

दिवसाला.
मी बोटांवर महिने मोजू लागलो.
संक्रांतीच्या आंघोळीला घाटावर दोघं.
पोळ्याच्या आदल्या दिवशी बैल धुताना एक,
बैल परत आला होता घरी, एकटाच.
डोंगा उलटला तेव्हा तीन टाक्या एका दुपारी,
मग चार महिने एकही नाही.
नळयोजनेच्या विहिरीची जाळी साफ केली, ती मोजायची का?
कोणाच्या तरी पंपाचा फुटव्हॉल्व्ह?

मग छोटी घ्या, तो म्हणाला,
शंभर लिटरवाली, पंचवीस मिनिटांत टाकी भरते.

पंचवीस मिनिटं.
आज जाऊन-येऊन पावणेदोनशे किलोमीटर,
आणि तोवर काठावर
कोणाची तरी आई पाण्याकडे पाठ करून बसलेली.

पंक्चरवाला दुधराम म्हणाला,
"माह्या मशीनीत काय वाईट हाये गा?
ट्रॅक्टरचा टायर भरते, तुही टाकी नाही भरनार?"
मी त्याचा काटा दाखवला.
त्यावर तीन हजार हा आकडाच नव्हता.
"अन् तेल," मी म्हटलं, "तुही हवा तेलकट हाये."
"टायरनं कधी तक्रार नाही केली," तो म्हणाला.

पेट्रोलवाली स्वस्त. वीज लागत नाही.
पण वारा फिरला की ती स्वतःचाच धूर ओढते,
नळीतून टाकीत, टाकीतून माझ्यात.
त्या विषाला वास नसतो.
खाली, गाळात हात घालून चाचपडताना
नुसती झोप येते म्हणे, हलकीशी.
आधीच तिथं कोणीतरी झोपलेलं असतं.

थ्री फेजवाली मोठी, दणकट.
आमच्याकडे थ्री फेज येते रात्री बारानंतर, तीही आठवडाआड.
बुडणारा काही वेळापत्रक बघत नाही.

भागरतानं बचतगटाची वही मिटली.
"सिंगल फेजवाली घे. वीस हजार जास्त जाऊ दे.
फिल्टर कितीचा?"
सांगितलं. कोळशाचा असतो, तासांवर बदलायचा.
"चुलीतला नाही चालत?"
हसली नाही. खरंच विचारत होती.

मग म्हणाली, "हवा कोठून घेशील?"

मशीन निवडायला मला सात महिने लागले होते,
हे मात्र विचारलंच नव्हतं मी कोणाला.

आम्ही घराभोवती फिरलो, नाक वर करून,
दोन कुत्र्यांसारखे.
मागं शेणखताचा ढीग.
समोर रस्ता, धानाचे ट्रॅक्टर.
उगवतीकडे गिरणी, कोंड्याची धूळ घरात येते ती तिथूनच.
मावळतीला मोहाची झाडं:
चैतात खालचा पाला पेटवतात, फुलं वेचता यावीत म्हणून,
अन् आठ दिवस सारं गाव खोकतं.

भागरता शिडी लावून कवेलूंपर्यंत चढली,
डोळे मिटून उभी राहिली बराच वेळ.
मला खालून फक्त तिच्या टाचा दिसत होत्या, भेगाळलेल्या.
"इथून," म्हणाली. "इथं नदीचं येते."

मी हसलो असतो.
वीस वर्षं त्याच नदीत उतरतो आहे,
आता तिचाच वारा पाठीवर बांधून तिच्यात जायचं.

तिनं बोट चुन्यात बुडवून भिंतीवर ठिपका केला.
नळी इथपर्यंत.

मी नागपूरला फोन लावला.
छोटी. सिंगल फेज. एक जास्तीचा फिल्टर.
बाकी आकडा तुम्हीच लिहा, म्हटलं, मला नाही जमत.

मशीन यायला पंधरा दिवस.
तोवर शाळेत जाऊन सांगून आलो,
डोहाकडे जाऊ नका रे कोणी,
माझी टाकी रिकामी आहे.